पुरसीस देण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दिंडोशीच्या दिवाणी कोर्टातला दावा अशिलाला काढून घ्यायचाय, मनाई हुकमावर बिल्डरचं अपील हायकोर्टात प्रलंबित आहे, आणि तू विचारतेस की पुरसीस (दावा काढून घेतोय असं कोर्टाला लेखी निवेदन) दिली की अपीलही संपेल ना?

संपेल. एओ आहे ते, म्हणजे अंतिम निकालावरचं नव्हे तर मधल्या आदेशावरचं अपील, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 43 खालचं. तात्पुरता मनाई हुकूम दाव्याच्या जिवावर जगतो. दावा गेला की हुकूम गेला, मग अपिलात ठरवायचं काय? पण हायकोर्टाला हे आपोआप कळत नाही. प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येतच राहणार. दिंडोशीच्या आदेशाची प्रमाणित प्रत घे, बिल्डरच्या वकिलांना कळव आणि मेन्शन करून (कोर्टापुढे तोंडी उल्लेख करून) अपील निकाली काढून घे. हायकोर्टात काही रक्कम जमा असेल, तर तिचं काय करायचं हा आदेशही तिथूनच मागावा लागेल.

मला खरी काळजी आहे ती अशिलाची. बिल्डर म्हणे भाडं वाढवून देतो, आधी दावा काढा. कागद कुठाय? नुसता दावा काढला तर बिल्डरला अपील न लढताच हवं ते मिळतं. तुझ्या अशिलाची मनाई जाते आणि, ऑर्डर 23 नियम 1 नीट वाच, त्याच विषयावर पुन्हा दावा आणायचा हक्कही जातो, खर्च अंगावर पडू शकतो तो वेगळाच. पुन्हा दावा करायची मुभा हवी असेल तर ती दावा काढतानाच मागायची असते, आणि तिच्यासाठी तांत्रिक दोष किंवा तसंच पुरेसं कारण दाखवावं लागतं. बिल्डरचा शब्द हे कारण नव्हे. बरं, मुभा मिळाली तरी नियम 2 प्रमाणे नव्या दाव्याची मुदत अशी मोजतात, जणू पहिला दावा झालाच नव्हता. पहिल्या दाव्यात गेलेल्या वर्षांची सूट मिळत नाही.

म्हणून पुरसीस नको, कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटी, कर. भाड्याचा आकडा, तारखा, ताबा कधी, सगळं लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन त्याच ऑर्डर 23 च्या नियम 3 खाली डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) घे. बिल्डरने शब्द फिरवला तर अंमलबजावणीला हातात काहीतरी राहील. अपील काढून घेण्याचं कलमही त्यातच घाल. बिल्डर सहीला का-कू करायला लागला, तर त्याचा बेत काय ते तुला तिथेच कळेल.

अपील अंतिम डिक्रीवरचं असतं तर मी आणखी सावध केलं असतं. तिथे अपील काढलं तर खालची डिक्री कायम राहते, दावा काढला तर डिक्रीच पुसली जाते. हरलेल्या वादीला हा दुसरा रस्ता फार आवडतो. त्यामुळेच अपिलाच्या टप्प्यावर नव्या दाव्याची मुभा देताना हात आखडता घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली बजावलंय. डिक्रीने प्रतिवादीला मिळालेला हक्क असा सहज काढून घेता येत नाही.

आणखी एक. बिल्डरने प्रतिदावा, म्हणजे याच खटल्यात वादीविरुद्ध स्वतःचा दावा, केलाय का बघ. तो दाव्याबरोबर मरत नाही, चालूच राहतो. आणि वादी दोन भाऊ आहेत ना? तुझ्याकडे धाकटाच येतो. थोरल्याच्या संमतीशिवाय धाकट्याला एकट्याने दाव्यातून बाहेर पडायची परवानगी कोर्ट देऊ शकत नाही. आधी थोरल्याला फोन कर, मग मसुदा घेऊन चेंबरला ये.

— सर