चढवलेला बीम

"मॅडम, निर्णय चुकला तर?" सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी घेऊन येतंच. कुणाला स्थळाचं ठरवायचं असतं, कुणाला नोकरीचं. त्यातल्या एका मुलाची गोष्ट त्याच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते.

वय 26, इंजिनिअर. वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याची नोकरी सोडून आला आणि अक्कलकोट रोडवरचे टॉवेल विणायचे लूम सांभाळू लागला. वडील बरे झाले, पण पुण्याला परतायचं की इथेच राहायचं, हे याचं आठ महिने ठरेना. रात्री बॅग भरायचा, सकाळी रिकामी करायचा. बारा जणांना विचारून झालं होतं.

"तुला नेमकी खात्री कशाची हवी?"

"पाच वर्षांनी पस्तावणार नाही याची."

"ती कोण देईल?"

तो गप्प बसला.

लहानपण उकरत बसण्यापेक्षा एखादा स्वच्छ विचार समोर ठेवणं मला जास्त पटतं. मी त्याला देकार्तची गोष्ट सांगितली. सगळ्यावर शंका घ्या म्हणणारा हा फ्रेंच तत्त्वज्ञ, पण रोजच्या वागण्यात त्याने शंकेला मोकळं रान दिलं नाही. घर पाडून नवं बांधायचं तर तोवर राहायला दुसरी जागा लागतेच, असं तो म्हणतो. म्हणून 1637 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने स्वतःपुरते काही तात्पुरते नियम सांगितले. त्यातला एक असा : जंगलात वाट चुकलेल्याने इकडेतिकडे भटकू नये, एका जागी थांबूनही राहू नये. एकच दिशा धरून सरळ चालावं. ती दिशा निव्वळ योगायोगाने निवडलेली असली, तरी किरकोळ कारणासाठी बदलू नये. हवं तिथे नाही, तरी कुठेतरी पोचेलच, आणि ती जागा बहुधा जंगलाच्या मध्यापेक्षा बरीच असेल. या नियमाने आपली पश्चात्तापातून सुटका झाली, असंही त्याने लिहिलंय.

मुलगा म्हणाला, "पुस्तकात ठीक आहे हो."

तेव्हा मला त्याचं काम आठवलं. लूमवर उभ्या सुताने गुंडाळलेला रूळ चढवतात, तो बीम. "बाजारात दुसरा रंग चालायला लागला, तर चढवलेला बीम उतरवता का?"

"छे! सूत जातं, मजुरी जाते. आहे तो संपवायचा, पुढच्या बीमला रंग बदलायचा."

बोलता बोलता तो थांबला. बराच वेळ हाताकडे बघत राहिला. मीही बोलले नाही. इतक्या वर्षांत एक कळलंय, की अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये. उत्तर त्याच्या हातात रोजचंच होतं, मी फक्त ते देकार्तशेजारी नेऊन ठेवलं. त्या दुपारचं समाधान अजून पुरतंय.

खात्री आधी आणि पाऊल नंतर, असाच आपला हट्ट असतो. माझा अनुभव उलटा आहे. मुदत ठरवून चालायला लागलेल्या माणसाची झोप आधी परत येते, खात्री मागाहून. म्हणून मी मुदत आणि वाट बदलण्याची खरी कारणं आधीच लिहून घ्यायला लावते.

त्याने एक वर्ष लूम चालवायचे ठरवले. मधे मित्राला पुण्यात बढती मिळाली तेव्हा याचा मला फोन आला. ते कारण कागदावर नव्हतं. वडिलांची तब्येत पुन्हा ढासळली, किंवा सूत उधारीवर मिळेनासं झालं, तर मुदतीआधी भेटायचं, एवढी दोनच कारणं तिथे त्याच्या अक्षरात आहेत.