बाहुलीसाठी मेक्सिकोच्या लोकनृत्याचा पोशाख : वाचकांच्या शिवणविषयक प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या भाचीकडे २९ सेंटिमीटर उंचीची बाहुली आहे आणि तिच्यासाठी मेक्सिकोच्या लोकनृत्याचा पोशाख शिवावा असे मनात आहे. मात्र छायाचित्रे पाहू लागले की गोंधळ उडतो. कुठे रिबिनी लावलेला भडक रंगाचा घागरा दिसतो, कुठे सगळा पोशाख पांढरा आणि पुढे काळे एप्रन, तर कुठे काळ्या जाळीवर फुलेच फुले. यांपैकी अस्सल कोणता समजावा?

उत्तर : आपण वर्णन केलेले तिन्ही पोशाख अस्सल आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रांतांचे आहेत. रिबिनींचा रंगीत पोशाख पश्चिमेकडील हालिस्को प्रांतातला, पांढऱ्या लेसचा आणि भरतकाम केलेल्या काळ्या एप्रनचा पोशाख आखाताच्या किनाऱ्यावरील वेराक्रूझचा, आणि काळ्या जाळीच्या झालरींवर रंगीत रेशमी फुले भरलेला पोशाख दक्षिणेकडील चिआपासचा. याशिवाय ओआहाका प्रांतात तेवांतेपेकच्या संयोगभूमीवर मखमलीचा भरतकाम केलेला आखूड झगा आणि तळाशी पांढऱ्या लेसची रुंद झालर असलेला घागरा घालतात. एकाचे एप्रन, दुसऱ्याच्या रिबिनी आणि तिसऱ्याचे भरतकाम अशी सरमिसळ दुकानातल्या तयार बाहुल्यांवर पुष्कळ दिसते. ती टाळलेली बरी, कारण मग तो पोशाख कोणत्याच नृत्याचा राहत नाही. म्हणून आधी नृत्य ठरवावे आणि मगच कापडाला कात्री लावावी.

‘हाराबे तापातीओ’ या सर्वांत प्रसिद्ध जोडनृत्याविषयी थोडे सांगायला हवे. त्याचा परंपरेने चालत आलेला स्त्रीवेष म्हणजे ‘चीना पोब्लाना’ : भरतकामाची पांढरी चोळी, खांद्यावरून घेतलेली रेबोसो नावाची शाल आणि टिकल्यांनी मढवलेला लाल घागरा, ज्याची कंबरेजवळची पट्टी बहुधा हिरवी असते. रशियन नर्तिका आन्ना पाव्हलोव्हा हिने १९१९ साली मेक्सिको शहरात हे नृत्य बॅलेच्या रूपात सादर केले, तेही याच वेषात. या वेषाचा संबंध लोककथेने हिंदुस्थानातून गुलाम म्हणून नेलेल्या आणि १६८८ साली पुएब्ला शहरात मरण पावलेल्या कातारीना दे सान हुआन या स्त्रीशी जोडला आहे. तो इतिहासाला धरून नाही, कारण असा वेष लोकप्रिय झाला तो एकोणिसाव्या शतकात. तरीही आपल्या वाचकांना त्या स्त्रीचे कुतूहल वाटावे.

पहिल्याच प्रयत्नासाठी मी हालिस्कोचा पोशाख सुचवेन. त्यात भरतकाम नाही. सारी शोभा घेर आणि रिबिनी यांची असते. लहान मापात फुले भरण्यापेक्षा सरळ रिबीन शिवणे कितीतरी सोपे जाते.

प्रश्न : मी कंबरेवर दाट चुण्या घालून घागरा शिवला, पण बाहुलीची कंबर फुगली आणि घागरा खाली पडण्याऐवजी छत्रीसारखा ताठ उभा राहिला. घेर कमी केला तर नृत्याचा पोशाख वाटत नाही. यावर उपाय काय?

उत्तर : बाहुलीसाठी पोशाखाचे माप सहापट लहान करता येते, परंतु कापडाची जाडी आणि ताठरपणा तसा लहान होत नाही, आणि आपल्या अडचणीचे मूळ इथेच आहे. हालिस्कोच्या नर्तिका घागऱ्याची कड दोन्ही हातांनी धरून ती फिरवतात, हेलकावतात, डोक्याच्या वरपर्यंत उचलतात. त्यासाठी तो घागरा दोन पूर्ण वर्तुळे जोडून कापलेला असतो आणि खालच्या कडेचा घेर बारा मीटरच्या आसपास सहज जातो. विशेष म्हणजे एवढा घेर असूनही कंबरेवर चुण्या जवळजवळ नसतात, कारण वर्तुळाच्या कापामुळे कापड कंबरेपाशी बेताचे आणि तळाशी भरपूर असते. आपणही चुण्या सोडून वर्तुळाकडे वळावे.

आता प्रत्यक्ष गणित करू. समजा, बाहुलीची कंबर ९ सेंमी आहे आणि मागे बंद करण्यासाठी १ सेंमी जास्त धरायचा आहे. म्हणजे १० सेंमी. या मापाला ६.२८ ने भागले की आतल्या वर्तुळाची त्रिज्या १.६ सेंमी येते. ही शिलाईची रेषा झाली. शिलाईसाठी अर्धा सेंमी कापड आत सोडावे, म्हणजे कात्री १.१ सेंमी त्रिज्येवर चालेल. खऱ्या पोशाखाप्रमाणे दोन वर्तुळे घेण्याचा मोह होईल, पण तेव्हा प्रत्येक वर्तुळाच्या वाट्याला ५ सेंमी कंबर येते, शिलाईची त्रिज्या ०.८ सेंमी होते आणि कापायचे भोक अवघे ०.३ सेंमी त्रिज्येचे उरते. ते सुईखाली वळवणे कोणालाही साधणार नाही. त्यामुळे वर एकच वर्तुळ घ्यावे आणि उरलेला घेर खालच्या झालरीतून मिळवावा.

कंबर ते घोटा हे अंतर १६ सेंमी असेल, तर ११ सेंमी वर्तुळाला आणि ५ सेंमी झालरीला द्यावेत. दोन्ही ठिकाणी शिलाईपुरते कापड वेगळे धरावे. वर्तुळाची खालची कड सुमारे ७९ सेंमी भरते. झालरीची पट्टी तिच्या दीडपट, म्हणजे सुमारे १२० सेंमी लांब घ्यावी. एवढी सलग मिळाली नाही तर तुकडे जोडावेत. प्रमाणाच्या काटेकोर हिशेबाने बाहुलीच्या घागऱ्याला दोन मीटरचा घेर हवा, पण कापड जाड पडत असल्यामुळे १२० सेंमीच डोळ्यांना भरपूर वाटतो आणि घागरा खालीही पडतो.

वर्तुळात कंबरेपासून सरळ खाली ४ सेंमीची फट मागे ठेवावी, नाहीतर घागरा बाहुलीच्या कुल्ल्यांवरून चढणार नाही. कंबरेची कड पट्टीला जोडण्यापूर्वी शिलाईच्या कापडात थोड्या थोड्या अंतरावर बारीक काप द्यावेत. ते शिलाईपर्यंत पोहोचता कामा नयेत. कापड मलमल, व्हॉइल किंवा तत्सम पातळ सुती घ्यावे. खऱ्या पोशाखाला चालणारे पॉपलिन इथे ताठ राहते, आणि सॅटिनचे धागे इतके सुटतात की अर्धा सेंमीची शिलाई कधी उसवली ते कळतही नाही. कापड आधी धुऊन घ्यावे. गडद लाल आणि गडद निळा रंग बाहुलीच्या प्लास्टिकवर उतरतो आणि तो डाग सहसा निघत नाही, म्हणून आत पांढरे अस्तर किंवा निदान पांढरा परकर अवश्य द्यावा.

प्रश्न : घागऱ्यावर रिबिनी शिवताना त्या आकसतात आणि कापड ओढले जाते. मशीनचा ताण कमी करूनही फरक पडला नाही.

उत्तर : आपण रिबिनी वर्तुळाच्या भागावर शिवत असाव्यात असे वाटते. विणलेली रिबीन अजिबात ताणली जात नाही. ३ मिलिमीटर रुंदीची रिबीन वर्तुळावर फिरवली, तर तिच्या बाहेरच्या कडेला आतल्या कडेपेक्षा जवळजवळ २ सेंमी जास्त अंतर कापावे लागते, आणि रिबिनीच्या दोन्ही कडा तर सारख्याच लांबीच्या. बाहेरची कड कापडाला ओढून घेते आणि आतली कड चुणते. मशीनचा त्यात दोष नाही. वर्तुळावर काही लावायचेच असेल, तर बारीक दोरी, नागमोडी फीत किंवा उरेब (तिरकी) कापलेली पट्टी लावावी, कारण त्या वळतात.

रिबिनींची जागा झालरीवर आहे, आणि त्या झालर सपाट पट्टीच्या अवस्थेत असतानाच शिवायच्या, चुण्या नंतर. पट्टीची खालची कड ३ मिमी सुलट बाजूला दुमडून तिच्यावर पहिली रिबीन बसवली की कडेची तुरपाई वेगळी करावी लागत नाही आणि जाडीही वाढत नाही. या पोशाखातली ही मला सर्वांत आवडणारी युक्ती आहे. तिच्या वरच्या बाजूला ४–५ मिमी अंतर सोडून आणखी दोन रिबिनी द्याव्यात. टाचण्यांनी अरुंद रिबीन वाकडी होते, म्हणून कापडाच्या गोंदाचे बारीक ठिपके लावून ती चिकटवावी आणि मधोमध एकच शिलाई मारावी. शिवताना रिबीन हाताने ओढू नये, किंचित सैल सोडावी. प्रत्येक रंगाची साधारण १५० सेंमी रिबीन लागेल. त्यात चोळीच्या झालरीचाही हिशेब आला.

चुण्यांसाठी वरच्या कडेपासून ३ आणि ७ मिमी अंतरावर लांब टाक्यांच्या दोन ओळी माराव्यात, पट्टी आणि वर्तुळ या दोहोंवर चार-चार खुणा करून त्या जुळवाव्यात, मग दोन्ही दोरे एकदम ओढावेत आणि जोडशिलाई त्या दोन ओळींच्या मधून न्यावी.

प्रश्न : चोळीची बाही बसवताना हात आत जात नाही. सोपी रीत कोणती?

उत्तर : बाही गोल शिवून बसवू नये. खांदे जोडल्यावर बाही सपाट असतानाच मुंढ्याला लावावी, छातीवरून खांद्यांपर्यंत जाणारी रिबिनींची झालरही त्याच वेळी टाचून घ्यावी, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एकच शिलाई मारावी. गळा उंच पट्टीचा असतो. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवून टिच बटणे लावावीत. वेलक्रो लेस आणि केस दोन्हींना अडकते.

प्रश्न : नर्तिका घागरा पसरून धरतात, तशी बाहुली उभी करता येईल का?

उत्तर : येईल. घागरा घालून बाहुलीचे दोन्ही हात बाजूला आणि किंचित पुढे आणावेत, ते जिथे कडेला टेकतील तिथे खुणा कराव्यात आणि त्या जागी झालरीच्या आतून दोऱ्याचे छोटे फास शिवून ते मनगटांत अडकवावेत. खुणा बरोबर कुशीच्या रेषेवर केल्या तर घागरा मागे ओढला जातो, म्हणून त्या दोन-तीन सेंमी पुढे हव्यात. झालरीत तार घालण्याचा सल्ला काही जण देतात. मांडणीत ठेवायच्या बाहुलीला ते चालेल, परंतु भाची खेळणार असेल तर तारेचे टोक आज ना उद्या बाहेर येईल, तेव्हा फासच बरे. घेर पसरल्यावर आतला परकर दिसतो, त्यामुळे त्याच्याही तळाला लेस लावून ठेवावी.