ॲव्होकाडोच्या फोडी: तुमचे प्रश्न

प्रश्न: बटाट्याच्या रस्सा भाजीत ॲव्होकाडोच्या फोडी घालून वीस मिनिटं शिजवल्या. अर्ध्या विरघळल्या, भाजीही कडवट झाली. फळच खराब होतं का?

फळ बिचारं चांगलं असणार. ॲव्होकाडो बराच वेळ उकळला की कडवटपणा येतो, आणि गर इतका लोण्यासारखा की रश्श्यात टिकायचा नाही. हे फळ मूळचं मेक्सिकोकडचं, तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात डोकावू. काल्दो त्लालपेन्यो नावाचा त्यांचा एक सूपाचा प्रकार आहे: चिकन, काबुली चणे आणि धुरकट वासाची चिपोत्ले मिरची. ॲव्होकाडोच्या फोडी पातेल्यात नाही, वाढताना वाडग्यात पडतात. आपण मिसळीवर फरसाण आणि कांदा अगदी शेवटी घालतो ना, तसंच. तुमच्या भाजीतही गॅस बंद करून, ताटात वाढल्यावर घाला. बटाट्याची जागा मात्र त्याला देऊ नका.

प्रश्न: फोडी करताना लगदाच होतो.

फळ जास्त पिकलंय. फोडींसाठी अंगठ्याने हलकं दाबल्यावर जरासंच दबणारं घ्या. बोट रुतलं तर ते चटणीसाठी ठेवा. नुसत्या रंगावर जाऊ नका. हास जातीचं साल पिकल्यावर काळपट होतं, पण कूर्ग-निलगिरीकडची मोठी ‘बटर फ्रूट’ बऱ्याचदा पिकूनही हिरवीच राहतात. उभं कापून बी काढा, सालातच गराला उभ्या-आडव्या चिरा द्या आणि चमच्याने फोडी सोडवा. फळ तळहातावर धरून चिरा देऊ नका, पाटावर ठेवा. सुरी साल भेदून हातात शिरते.

आणि दगडासारखं कडक फळ आणलंत, तर फ्रिजबाहेर कागदी पिशवीत पिकल्या केळ्याशेजारी ठेवा. हे फळ झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच पिकतं.

प्रश्न: कोशिंबीर जेवणाआधी तासभर केली की काळी पडते. बी आत ठेवल्याने फरक पडतो म्हणतात?

बीचा उपयोग शून्य! तिच्याखाली झाकलेला गर तेवढा हिरवा राहतो, कारण तिथे हवा लागत नाही. फोडींना लगेच लिंबू चोळा. आंबटपणाने काळं पडणं लांबतं, थांबत नाही. मी कांदा, टोमॅटो, मिरची, दाण्याचं कूट आधी कालवून ठेवते, हिंग-मोहरीची फोडणी कोमट करून ओतते आणि पानं घेताना फोडी घालते. मग डाव फिरवायचा नाही, भांडंच दोनदा हलवायचं.

प्रश्न: अख्खी फळं पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवली तर?

नको. सालावरचे जंतू पाण्यात वाढतात आणि गरापर्यंतही पोचू शकतात.

प्रश्न: उरलेल्या फोडी फ्रीझरमध्ये टिकतील?

टिकतील. लिंबू चोळून ताटलीत सुट्या गोठवा, मग डब्यात भरा. बाहेर काढल्यावर मऊ पडतात, म्हणून त्या मिल्कशेकच्या कामाच्या. कोशिंबिरीत घालाल तर पाणी सुटेल.