उधारीची वही प्रोग्रॅममध्ये उतरवताना

राजवाड्यामागच्या काकांच्या दुकानाची उधारी प्रोग्रॅममध्ये घ्यायची म्हणतोस, छान! इंदुरात मीही असल्याच वहीपासून सुरुवात केली होती.

प्रोग्रॅम बंद झाला तरी डेटा टिकला पाहिजे, बाकी सगळं नंतर. पायथनचा अख्खा ऑब्जेक्ट पिकल करून (म्हणजे आहे तसा बाइट्समध्ये बदलून) फायलीत ढकलायचा मोह होतो, मीही ढकलला. महिन्याभराने क्लासमध्ये ‘मोबाइल’ वाढवला आणि जुनं गिऱ्हाईक उघडताच एरर. जुन्या ऑब्जेक्टमध्ये नवा रकाना येणार कुठून?

त्यापेक्षा एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घे. एकच फाइल, सर्व्हरची भानगड नाही.

- गिऱ्हाईक एका टेबलात, उधारी दुसऱ्यात. जोडायला क्रमांक वापर, नाव नको. एका गल्लीत तीन जोशी निघतात (आमच्या निघाले).
- फॉरेन कीची तपासणी, म्हणजे उधारीतला क्रमांक गिऱ्हाइकांच्या टेबलात खरंच आहे का ते बघणं, एसक्यूलाइटमध्ये सहसा बंदच असते. दर कनेक्शनला ‘प्रॅग्मा’ ही सेटिंगची आज्ञा लिहून चालू कर. नवशिके इथेच हमखास फसतात, कारण चूक लगेच दिसत नाही. महिन्यांनी मालक नसलेली उधारी सापडते.
- रक्कम फ्लोटमध्ये (दशांशाच्या अंदाजे आकड्यात) नको. रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात.

ओआरएम (ऑब्जेक्ट आणि टेबलं आपोआप जोडणारी लायब्ररी), ऑब्जेक्ट डेटाबेस (टेबलांऐवजी थेट ऑब्जेक्ट साठवणारा) यांच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. संगणकशास्त्रज्ञ कॉडने १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल, म्हणजे हीच टेबलांची पद्धत, काकांच्या वहीला पुरून उरेल. टेबलं आधी कागदावर आख, फोटो पाठव, बघतो.