प्रिव्हॅरिकेट म्हणजे चालढकल नव्हे

एका वाचकाने विचारलंय: "आमचे साहेब दर दोन ईमेलांमागे एकात 'डोन्ट प्रिव्हॅरिकेट, सेंड द फाइल टुडे' असं लिहितात. हा वापर बरोबर आहे का? शब्दकोशात अर्थ 'टाळाटाळ करणे' असा दिलाय. मराठीत नेमकं काय म्हणावं?"

साहेब चुकताहेत. त्यांना म्हणायचंय प्रोक्रॅस्टिनेट, म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं. दोन्ही शब्द लॅटिन, दोन्ही लांबलचक, दोन्ही 'प्र'ने सुरू होऊन 'एट'वर संपणारे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा तोंडात येतो. हा घोटाळा फक्त आपल्याकडचा नाही. खुद्द इंग्लंडमध्ये तो इतका बोकाळलाय की ऑक्सफर्डच्या कोशाला या दोन क्रियापदांतला फरक सांगणारी वेगळी टीप द्यावी लागली. पण तिकडे चुकतात म्हणून आपणही चुकावं असं थोडंच आहे? विशेषतः मराठी माणसाने तर मुळीच चुकू नये, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी वेगळे शब्द तयार आहेत. प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे चालढकल. प्रिव्हॅरिकेट म्हणजे उडवाउडवी, उडवाउडवीची उत्तरं देणं. चालढकल कामाची होते, उडवाउडवी बोलण्यात होते. कोशातली 'टाळाटाळ' दोन्हीकडे चालते आणि म्हणूनच दिशाभूल करते. काम टाळलं की उत्तर टाळलं, हे तिच्यातून कळत नाही.

फाइल न पाठवणारा कर्मचारी चालढकल करतो. 'फाइल कुठे आहे?' या प्रश्नावर जो म्हणतो, 'सर, फाइलीचं काय आहे ना, मागच्या आठवड्यात सर्व्हरचा प्रॉब्लेम होता, शिवाय अकाउंट्सकडून...', तो प्रिव्हॅरिकेट करतो.

आता या शब्दाच्या मुळाकडे येतो. साहेबांच्या ईमेलापेक्षा ते कितीतरी मजेदार आहे.

लॅटिनमध्ये 'वारुस' म्हणजे वाकड्या पायांचा. त्यावरून 'वारिकुस', पाय फाकवून उभा राहणारा. मराठीत यासाठी शब्द शोधावा लागत नाही, फेंगडा. (इसवी सन 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात तीन अख्ख्या लिजन, म्हणजे फौजेच्या मोठ्या तुकड्या, गमावणारा रोमन सेनापती वारुस आठवतो का? त्याचं आडनाव हेच. आपल्याकडे वाकडे, लंगडे, बोबडे ही आडनावं आहेत, तसंच ते.) त्याला 'प्राए' हा उपसर्ग लागून 'प्राएवारिकारी' हे क्रियापद झालं. बहुतेक इंग्रजी कोश इथे 'वाकडं चालणे' एवढं लिहून पुढे सरकतात. मला हा उरकण्याचा प्रकार वाटतो. वाकडं चालणारे लोक जगात पुष्कळ. त्यांच्यातून थेट कोर्टकचेरीतला गुन्हा कसा निघाला?

याचं उत्तर रोमन लेखक थोरल्या प्लिनीकडे आहे. व्हेसूव्हिअसच्या उद्रेकात 79 साली गेला तो. त्याच्या निसर्गविषयक महाग्रंथाचा अठरावा भाग शेतीवर आहे आणि त्यात नांगरणीबद्दल लिहिता लिहिता तो सहज म्हणून जातो: 'अरातोर निसि इन्कुर्वुस प्राएवारिकातुर'. नांगऱ्या वाकला नाही तर त्याचं तास, म्हणजे नांगराने पडणारी ओळ, वाकडं जातं. आणि लगेच पुढे सांगतो की या दोषाचं नाव इथूनच न्यायसभेत गेलं. म्हणजे शब्द शेतातून कोर्टात गेला!

ज्याने कधी लाकडी नांगर धरलेला पाहिलाय त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही. रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, भार द्यायचा तर कमरेत वाकावंच लागतं. ताठ उभं राहून, बैलांवर सोपवून चाललात तर फाळ वर येतो, ढेकूळ किंवा मूळ आडवं आलं की बाजूला सरकतो, आणि शेवटी मागे वळून पाहावं तर तास सापासारखं पडलेलं. आता 'वारुस'मधला फेंगडेपणा यात कुठे बसतो? माझा तर्क असा: नांगरताना एक पाय नांगरलेल्या मऊ जमिनीत आणि दुसरा न नांगरलेल्या कडक जमिनीवर पडू लागला की माणूस आपोआप फेंगडा चालतो, आणि फेंगडा चालला की नांगर त्याच्या भाराच्या बाजूला ओढला जातो. एक पाय इकडे, एक तिकडे, आणि मधलं तास वाकडं. रोममधल्या त्या गुन्ह्याचं याहून चांगलं चित्र काढता येणार नाही. प्लिनीने पायांबद्दल काही लिहिलेलं नाही, पाय माझे आहेत. पण ते घातल्याशिवाय शब्दाचे दोन तुकडे जुळत नाहीत.

गुन्हा काय होता? रोममध्ये सरकारी वकील नव्हता. गुन्ह्याचा आरोप कोणीही नागरिक उभा राहून करू शकत असे आणि खटलाही तोच चालवत असे. आरोपी श्रीमंत आणि हुशार असेल तर तो काय करी? आपलाच एक माणूस आरोप करायला पुढे करी. हा माणूस कोर्टात गरजायचा, महत्त्वाचा पुरावा मात्र दडवायचा, आणि आरोपी निर्दोष सुटायचा. या बनावट फिर्यादीला 'प्राएवारिकातोर' म्हणत. दिसायला आपल्या बाजूचा, आतून समोरच्याचा. मराठीत त्याला एकच शब्द शोभतो, फितूर. आज आपली वर्तमानपत्रं उलटलेल्या साक्षीदाराला फितूर म्हणतात. रोममध्ये फिर्यादीच फितूर व्हायचा.

इसवी सनापूर्वी 70 मध्ये रोमन वक्ता आणि वकील सिसेरो याची कीर्ती ज्या खटल्याने झाली, त्याची सुरुवात याच संशयाने झाली. सिसिली लुटणाऱ्या व्हेरेस या सुभेदारावर खटला चालवायला दोघे पुढे आले, एक सिसेरो आणि दुसरा काएकिलिउस. हा काएकिलिउस पूर्वी व्हेरेसच्याच हाताखाली खजिनदार होता. सिसेरोने न्यायमंडळाला विचारलं ते थोडक्यात हेच: हा खटला चालवणार की बुडवणार? खटला सिसेरोला मिळाला.

पण याच सिसेरोने व्युत्पत्ती मात्र चुकवली. वक्तृत्वावरच्या एका पुस्तकात त्याने 'प्राएवारिकातिओ'चा संबंध 'वारिए'शी, म्हणजे वेगवेगळ्या, परस्परविरुद्ध बाजू घेण्याशी लावला. लाबेओ या कायदेपंडितानेही 'वारिआ केर्तातिओ', नाना तऱ्हांचं भांडण, असाच धागा पकडला. ऐकायला दोन्ही छान, पण शब्दाच्या मधला 'क' कुठून आला याचं उत्तर दोघांकडेही नाही. तिसऱ्या शतकातला उल्पिआन मात्र पायावर आला. तो म्हणतो, प्राएवारिकातोर म्हणजे जणू 'वारिकातोर', पाय फाकवून उभा राहणारा. लाबेओचं मत त्याने आदराने नोंदवलंय, आणि मग पुढचं वाक्य असं आहे की मी त्यावर जीव ओवाळून टाकेन: असा माणूस दोन्ही बाजूंना उभा असतो, नव्हे, खरं तर पलीकडच्याच बाजूला. वक्तृत्वात सिसेरो मोठा असेल, शब्दाच्या बाबतीत मी शेतकऱ्याच्या आणि उल्पिआनच्या मागे उभा राहीन.

रोमन कायद्यात आणखी एक खजिना आहे. मार्किआन नावाच्या कायदेपंडिताने फिर्यादींच्या तीन अपराधांची व्याख्या एका ओळीत केली: खोटा आरोप करणं म्हणजे 'कालुम्निआरी', खरा गुन्हा दडवणं म्हणजे 'प्राएवारिकारी', आणि आरोप सोडून साफ पळ काढणं म्हणजे 'तेर्गिवेर्सारी'. दडवण्यासाठी त्याने वापरलेलं क्रियापद कोणतं? 'आब्स्कोन्देरे'! आपल्या एचआरवाल्यांचं लाडकं 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' तेच. एका ओळीत इंग्रजीची चार क्रियापदं. त्यातलं टर्जिव्हर्सेट म्हणजे शब्दशः पाठ फिरवणं. एका इंग्रजी ऑनलाइन कोशाने 2011 साली त्याला वर्षाचा शब्द ठरवलं होतं, तरी ते कोणी वापरताना दिसत नाही. नाहीतर तुमच्या साहेबांनी त्याचंही मातेरं केलं असतं.

मधला प्रवास उरकतो. ख्रिस्ती लॅटिनमध्ये हा शब्द कोर्टातून देवळात गेला आणि त्याचा अर्थ 'आज्ञाभंग' झाला. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात 'जेथे नियमशास्त्र नाही तेथे उल्लंघन नाही' या आशयाचं वचन आहे, तिथे लॅटिन बायबलमध्ये 'प्राएवारिकातिओ' आहे. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला तो असाच, मार्ग सोडणारा, वाट चुकणारा म्हणून. सतराव्या शतकात तो बोलण्यावर येऊन बसला: सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न देणं. त्याच काळात केंब्रिजमध्ये पदवीदानाच्या समारंभात थट्टेचं भाषण करायला नेमलेल्या माणसाला चक्क 'प्रिव्हॅरिकेटर' म्हणत. वाकडं बोलायचा अधिकृत परवाना!

अमेरिकन कोशांशी मात्र माझं भांडण आहे. मेरियम-वेब्स्टर अर्थ देतो 'सत्यापासून ढळणे', आणि पुढे प्रतिशब्द म्हणून इक्विव्होकेट. दोन्ही सैल. खोटं बोलणारा खोटं बोलतो, त्याला पकडता येतं. प्रिव्हॅरिकेट करणाऱ्याचं एकही वाक्य खोटं नसतं, ते फक्त विचारलेल्या जागेला शिवत नाही. आणि इक्विव्होकेट म्हणजे 'नरो वा कुंजरो वा'. धर्मराजाने द्रोणाला उत्तर दिलं, नेमकं दिलं, पण दोन अर्थांचं. त्याने उडवाउडवी केली नाही. हे तीन प्रकार एका पोत्यात भरणाऱ्या कोशकाराला कुरुक्षेत्रावर पाठवायला हवं.

स्पॅनिशने हा शब्द जास्त इमानाने सांभाळला. तिथे 'प्रेवारिकासिओन' आजही दंडसंहितेतला गुन्हा आहे: अन्याय्य आहे हे ठाऊक असून निकाल किंवा आदेश देणं. फितुरी कायम आहे, फक्त ती फिर्यादीकडून न्यायाधीशाकडे आणि अधिकाऱ्याकडे सरकली. आणि सेर्वान्तेसच्या कादंबरीत डॉन किहोते आपल्या सेवकावर, सांचोवर, एका चुकीच्या उच्चारासाठी खेकसतो तेव्हा त्याला काय म्हणतो? 'चांगल्या भाषेच्या प्रेवारिकादोरा!' साहेबांच्या ईमेलाला उत्तर म्हणून हे पाठवायची माझी फार इच्छा आहे, पण नोकरी तुमची आहे.

तर त्यांच्या ईमेलातलं वाक्य 'डोन्ट प्रोक्रॅस्टिनेट' असं हवं, किंवा सरळ 'डोन्ट डिले'. तरीही ते हट्टाला पेटले तर त्यांना एक पळवाट आहे, आणि ती मीच सांगतो. ब्राझीलच्या 1940 च्या दंडसंहितेत कलम 319 खाली 'प्रेवारिकासाओं' हा गुन्हा आहे: स्वतःच्या फायद्यासाठी किंवा मर्जीसाठी सरकारी नोकराने कर्तव्याचं काम लांबवणं किंवा न करणं. तीन महिने ते एक वर्ष कैद आणि दंड. तिथे हा शब्द खरोखर विलंबापर्यंत पोचलाय. पण त्यासाठी तुमचं ऑफिस सरकारी असावं लागेल, आणि ब्राझीलमध्ये.