स्ट्रायकर ते कोच: पुश्काशच्या वाटेनं जायचंय?

कोल्हापूरहून आलेल्या पत्राचा सारांश असा: 'मी 21 वर्षांचा आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पेठेच्या सिनिअर फुटबॉल टीमकडून स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू म्हणून खेळायचो. गेल्या हंगामात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. पूर्वीसारखं खेळता येईल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. मला कोचिंगमध्ये जायचंय. हंगेरीचा फेरेन्त्स पुश्काश माझा आदर्श. तोही स्ट्रायकर होता आणि नंतर जगभर कोच झाला. बाबा म्हणतात, तो पुश्काश होता म्हणून त्याला बोलावलं, तुला कोण विचारणार? सर, त्यांचं बरोबर आहे का?'

प्रिय मित्रा,

बाबांचं निम्मं बरोबर आहे. ते निम्मं आधी नीट ऐकून घे.

पुश्काशनं हंगेरीकडून 85 सामन्यांत 84 गोल केले. 1952 चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. हंगेरीतला सोव्हिएत सत्तेविरुद्धचा 1956 चा उठाव चिरडला गेल्यावर तो मायदेशी परतला नाही, बंदी सोसली, आणि वयाच्या 31 व्या वर्षी, वजन सुटलेलं असताना, रिआल माद्रिदमध्ये नव्यानं सुरुवात केली. 1960 च्या युरोपियन कपच्या (आजची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यात त्यानं एकट्यानं चार गोल मारले. 1966 मध्ये खेळणं थांबवल्यावर अशा माणसाला कोचिंगचं काम मागत फिरावं लागलं नाही. त्याचं नाव त्याच्या आधी पोचलेलं असायचं. तुझं नाव पेठेबाहेर कुणाला माहीत नाही, हे बाबा बोलून दाखवतात एवढंच.

पण नावानं दार उघडतं, खुर्ची टिकत नाही. पुश्काशच्या कामाच्या देशांची यादी पाहा: अमेरिका, कॅनडा, स्पेन, ग्रीस, चिली, सौदी अरेबिया, इजिप्त, पराग्वे, ऑस्ट्रेलिया. ज्या माद्रिदनं त्याला खेळाडू म्हणून डोक्यावर घेतलं, त्या क्लबच्या मुख्य संघाचा तो कधीच कोच झाला नाही. स्पेनमध्ये त्याच्या वाट्याला आलावेस आणि मुर्सिया हे लहान क्लब आले. हंगेरीचा राष्ट्रीय संघ मिळाला तो 1993 मध्ये, तोही मोजक्या सामन्यांपुरता. कोचचं आयुष्य असं बॅग भरून तयार ठेवण्याचं असतं. त्याच्यासारख्याची ही गत होती, तर तू हे गृहीत धरूनच या क्षेत्रात ये.

आता बाबांच्या म्हणण्यातला चुकलेला भाग. पुश्काश कोच म्हणून जिथं यशस्वी झाला, तिथं त्याचे जुने गोल कामाला आले नाहीत. 1970-71 मध्ये अथेन्सचा पानाथिनाइकोस क्लब त्याच्या हाताखाली युरोपियन कपच्या अंतिम फेरीत गेला. उपांत्य फेरीत बेलग्रेडला रेड स्टारकडून 1-4 मार खाल्ला होता. परतीच्या सामन्यात अथेन्समध्ये 3-0 जिंकले. दोन्ही सामने मिळून 4-4 बरोबरी झाली, आणि अशा वेळी परक्या मैदानावरचा गोल तेव्हा जास्त मोलाचा धरत, म्हणून बेलग्रेडच्या त्या एका गोलाच्या जोरावर पुढे गेले. लंडनच्या वेम्ब्लीवर नेदरलँड्सच्या आयाक्सकडून अंतिम सामना 0-2 हरले खरे, पण त्याआधी किंवा त्यानंतर एकही ग्रीक क्लब तिथवर पोचलेला नाही. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे 10 गोल केले पानाथिनाइकोसच्याच अँतोनिस अँतोनियादिसनं. तू स्ट्रायकर आहेस म्हणून हे मुद्दाम सांगतोय. स्वतः गोल करण्याची भूक भागवून झालेला माणूस दुसऱ्याच्या गोलासाठी झटत होता. तुला ते जमेल का? पत्रात तू तुझ्या गोलांबद्दल पानभर लिहिलंस, पण टीममधल्या एकाही पोराबद्दल ओळ नाही. त्यावर थोडा विचार कर.

दुसरी जागा मेलबर्न. 1989 ते 1992 तो ग्रीक स्थलांतरितांच्या साउथ मेलबर्न क्लबाकडे होता. इंग्रजी त्याला फारशी येत नव्हती, ग्रीक मात्र अथेन्समुळे येत होती. संघाचा कर्णधार ग्रीक बोलणारा होता. तोच त्याला गाडीतून घेऊन यायचा आणि त्याचं बोलणं खेळाडूंना समजावून सांगायचा. 1991 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय लीग जिंकली. त्या कर्णधाराचं नाव आंगे पोस्टेकोग्लू. बचाव फळीतला खेळाडू, जागतिक कीर्ती वगैरे काही नाही. पुढे 2015 मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाला आशिया कप जिंकून दिला आणि 2025 मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबाला युरोपा लीग ही युरोपातली स्पर्धा. तू आदर्श पुश्काशचा घेतलास, पण तुझ्या परिस्थितीला जवळचा आहे तो हा गाडी चालवणारा कर्णधार. मोठ्या माणसाशेजारी बसून तो काम शिकला. कोल्हापुरात तुझ्या माहितीतले जे चांगले कोच आहेत, त्यांच्यापैकी एकाची किट उचलायची तयारी ठेव.

पुश्काशच्याच संघातला नांदोर हिदेग्कुटी तुला माहीत असेलच. 25 नोव्हेंबर 1953 ला वेम्ब्लीवर इंग्लंडला 6-3 हरवताना त्यानं तीन गोल केले. पाठीवर नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढच्या स्ट्रायकरचा, पण तो खाली मिडफिल्डमध्ये उतरायचा, आणि आपण त्याच्या मागे जायचं की जागा धरून थांबायचं हे इंग्लंडच्या बचावपटूंना शेवटपर्यंत उमगलं नाही. ही रचना आधी एमटीके क्लबमध्ये मार्तोन बुकोवी या कोचनं घडवली होती. म्हणजे हिदेग्कुटीला मैदानावरची रिकामी जागा खेळतानाच दिसत होती. पुढे कोच म्हणून त्यानं 1961 मध्ये इटलीच्या फिओरेन्टिना क्लबाला कप विनर्स कप ही युरोपातली स्पर्धा जिंकून दिली, 1963 मध्ये ग्योर या छोट्या शहराच्या क्लबाला हंगेरीचं विजेतेपद, आणि सत्तरच्या दशकात कैरोच्या अल अहलीला वारंवार लीग. माझ्या मते कोच म्हणून तो पुश्काशपेक्षा सरस.

म्हणून गुडघा बरा होईपर्यंत शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जाशील तेव्हा बॉलकडे बघू नकोस. एक सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू निवड, पूर्ण मॅच त्याच्याकडेच बघ. तो कधी पुढे सरकला, का सरकला, मागे जागा कुणासाठी सुटली, ते वहीत लिही. तुला आजवर अडवणारा तोच होता. आता त्याला शिकवायचंय.

कागदपत्रांचं सांगतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचिंग लायसन्सची शिडी डीपासून सुरू होते, मग सी, बी, ए आणि प्रो. डीच्या कोर्सचं प्रात्यक्षिक मैदानावर असतं, त्यामुळे फिजिओनं परवानगी दिल्याशिवाय फॉर्म भरू नकोस. तोवर तालमीतल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकव. पैसे मिळणार नाहीत. सुरुवातीची काही वर्षं या क्षेत्रात पगार नव्हे, मानधनच असतं, आणि तेही वेळेवर येईलच असं नाही.

यासाठीच बी.कॉम. पूर्ण कर. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करता येतं आणि शाळेत क्रीडाशिक्षकाच्या नोकरीसाठी ते लागतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची प्रमाणपत्रं शोधून एका फाईलमध्ये लाव. बी.पी.एड.च्या सीईटीत मैदानी चाचणीही असते, म्हणून यंदाच द्यायची घाई नको. दिवसा शाळा, संध्याकाळी क्लब, सुट्टीत लायसन्सचा पुढचा कोर्स, ही वाट बाबांनाही पटण्यासारखी आहे. त्यांना 'मी पुश्काश होणार' असं सांगू नकोस. पुढच्या तीन वर्षांत काय करणार आहेस, ते एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. खर्च कुठून येईल तेही त्यात लिही.

आणि एक विनंती. त्या पोरांना महिनाभर शिकवून झाल्यावर मला पुन्हा पत्र लिही. त्यात तुझ्याबद्दल कमी आणि त्यांच्याबद्दल जास्त असू दे.