मायकोरायझा सोडला तरी मिरचीत फरक दिसला नाही, आता कोबीला टाकू का?

प्रश्न असा आलाय की मिरची लावल्यावर ड्रिपमधून मायकोरायझा (पिकाच्या मुळात राहून त्याला अन्न आणून देणारी उपयोगी बुरशी) सोडला, बेसल डोसला, म्हणजे लागवडीच्या वेळच्या खतात, डीएपी (स्फुरद जास्त असलेलं खत) भरपूर दिलं होतं, नंतर मर (झाडं सुकून मरण्याचा रोग) दिसली म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यातून मुळाशी ओतलं, तरी फरक नाही. आता कोबीला टाकायचा विचार आहे.

आधी कोबीचं सांगतो, टाकू नका. कोबी, फ्लॉवर, मुळा ही मोहरीच्या कुळातली पिकं, यांच्या मुळात ही बुरशी शिरतच नाही, पालक आणि बीटचंही तेच, म्हणजे पैसे सरळ पाण्यात. मिरची, टोमॅटो, वांगं, काकडी, कांदा या पिकांना मात्र चांगली चालते. त्यातही कांद्याला खास, कारण त्याची मुळं आखूड आणि मुळांना केस जवळजवळ नाहीतच, त्यामुळे स्फुरद गोळा करायला बुरशीचे धागे फार कामाला येतात.

आता मिरचीत काय झालं असेल ते बघू. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही, मुळाच्या अगदी लगतचा, एक-दोन मिलिमीटरमधला संपला की मूळ उपाशी, आणि बुरशीचे धागे त्याच्या कितीतरी पुढे जाऊन स्फुरद, जस्त आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. पण डीएपीमुळे स्फुरद आयता मिळत असेल तर झाड साखर कशाला देईल, ते बुरशीला मुळात फार वाढू देत नाही. वर कार्बेन्डाझिमची आळवणी, ती तर या बुरशीलाही मारते. त्यामुळे माती परीक्षण करूनच स्फुरद द्या, उगाच गोणी ओतू नका.

दुसरं म्हणजे वेळ. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून सगळ्यात चांगली जागा रोपवाटिका. ट्रे भरतानाच कोकोपीटमध्ये मिसळा, नाहीतर लागवडीच्या खड्ड्यात मुळाला चिकटेल अशी टाका. मुळात बसायला तीन-चार आठवडे लागतात, आठ दिवसांत पानं गडद हिरवी होतील अशी अपेक्षा नको. आणि मुळाजवळ पांढरे धागे दिसले म्हणून मायकोरायझा लागला असं समजू नका, आतली बुरशी मूळ रंगवून मायक्रोस्कोपखालीच दिसते.

मर आणि रोपं कोलमडणं यासाठी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर मात करणारी मित्रबुरशी, पावडरमध्ये मिळते) वापरा, तो कोबीलाही चालतो. बियाण्याला किलोला 5 ते 10 ग्रॅम चोळा. शेतासाठी एकरी 1 ते 2 किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर ठेवा, वर गोणपाट टाका, आठ-दहा दिवसांत आधी पांढरट आणि मग हिरवी बुरशी खतावर चढते, तेव्हा ते सरीत टाकून लगेच मातीआड करा, उन्हात उघडं ठेवलं तर मरते. कोरड्या जमिनीत टाकून उपयोग नाही, वाफसा हवा. तांबेयुक्त किंवा दुसरं बुरशीनाशक याच्यासोबत एका टाकीत कधीच नको, मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. मर जोरात पसरली असेल तर मात्र एकट्या ट्रायकोडर्मावर विसंबू नका, ती झाडं मातीसकट उपटून शेताबाहेर काढा.

पुढच्या मिरचीला दोन सऱ्या मायकोरायझा न टाकता सोडा, बाकी खतपाणी सारखंच ठेवा. फुलं लागताना दुपारी कुठली झाडं आधी सुकतात आणि तोडणीला फळांचा आकार कुठे एकसारखा येतोय ते बघा, मगच पुढच्या वर्षी सगळ्या प्लॉटला टाकायचं का ते ठरवा.